सातवी चीर

सावद्याच्या मालधक्क्यावर त्या दिवशी
माझं पान मी पहिल्यांदा छापलेलं पाहिलं.
खोक्यावर खोकं, खोक्यावर खोकं,
पत्र्याच्या छपरापर्यंत रचलेली,
आणि प्रत्येकावर तेच:
मे महिन्याच्या झळांनी फाटलेलं केळीचं पान,
अकरा चिरा,
देठाकडे जरा पिवळं.

हमाल म्हणाला, बाई, बाजूला व्हा.
मी बाजूला झाले.

तीन वर्षांपूर्वी फैजपूरच्या प्रदर्शनात
हे पान भिंतीवर होतं. किंमत साडेचार हजार.
झांबरेशेठ समोर बराच वेळ उभे राहिले,
पेढा खाल्ला, मोबाइलवर फोटो काढला,
"हात चांगला आहे," म्हणाले.
चांगल्या हाताचे पैसे तोवर मला
असेच मिळत आलेले:
अंगणवाडीच्या भिंतीवर अननस, एक चहा.
लग्नघराच्या दारावर मोर, नारळ, ब्लाउजपीस.
पतसंस्थेचं बोधचिन्ह, आणि वर, "तुमचं नाव होईल."
नाव आपोआप होत नाही, ते घालावं लागतं,
हे मला घरातूनच माहीत होतं.

बाप माझा पेंटर तोताराम.
यावल ते रावेर निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या,
खाली उजवीकडे तिळाएवढी सही.
एका खतवाल्याने पाटी
नव्या चौकटीत बसावी म्हणून कापली,
तीळ गेला.
दुसऱ्याच पेंटरने तीच पाटी दाखवून
पुढची तीन कामं उचलली.
बाप ब्रश रॉकेलमध्ये बुडवत म्हणाला,
"सही कोपऱ्यात नको करू व पोरी.
कोपरा कापता येते.
जिथं कापलं तं चित्रच मरीन,
तिथं कर."

शेठ म्हणाले, "केळीचं पान आहे बाई ते.
तापीपासून सातपुड्यापर्यंत दुसरं आहे काय?
उद्या म्हणाल, ऊनही माझं."
मी म्हटलं, ऊन राहू द्या, केळीही तुमची,
भिंग आहे का?

भिंग नव्हतं. चष्मा पुसला त्यांनी.
सातव्या चिरेत, उसवलेल्या धाग्यांमध्ये
एक धागा जरा वाकडा चालतो.
हे. म. ल. ता.
शेठनी स्वतःच्या खर्चाने
वीस हजार खोक्यांवर माझं नाव छापलं होतं.

भुसावळला तडवी वकीलबाईंनी अर्ज पुढे सरकवला.
"हक्क तर तुम्ही ब्रश खाली ठेवलात तेव्हाच जन्मला.
हा नुसता जन्मदाखला."
कृतीचा प्रकार: कलात्मक.
निर्मितीचं वर्ष: आई दवाखान्यात होती ते. आकड्यात लिहिलं.
मग आला रकाना, कर्ता.
आमच्याकडे कर्ता म्हणजे घरातला पुरुष,
रेशनकार्डावरचा, पंगतीत आधी बसणारा.
पेन थांबलं.
वकीलबाई फाइलमधून मान न काढता म्हणाल्या,
"लिहा, लिहा. तुम्हीच."

आता एक नंबर आला आहे, आणि हरकतींसाठी थांबणं.
शेठचा मुनीम दोनदा येऊन गेला,
एकदा पाकीट घेऊन, एकदा नुसताच.
काय होईल, ठाऊक नाही.
मी तेवढ्यात बिलबुक छापून घेतलं,
त्यात एक रकाना जास्तीचा:
चित्र विकलं, की नुसतं वापरायला दिलं.

रविवारी पोरी येतात शिकायला.
काल भंगाळ्यांच्या मोहिनीने पान दाखवलं,
रंग छान, देठाकडे पिवळं.
मी चिरा मोजल्या. अकरा.
सातवीत एक धागा जरा वाकडा.
तिला तो काय आहे माहीत नव्हतं,
दिसला म्हणून काढला होता.

हसू आलं, आणि कुठेतरी बोचलंही.
म्हटलं, हे माझं पान आहे गं.
तुमच्या मळ्यातल्याला किती चिरा?

ती क्षणभर बघत राहिली.
मग एका पायात चप्पल, एक हातात,
पाटाच्या कडेकडेने
मोजायला पळाली.